कोरी पाने

माझे आजोबा कोणी मोठे गृहस्थ नव्हते. इंझोरीस थोडी कोरडवाहू जमीन, दोन बैल आणि मोडी लिहिण्याचा नाद, एवढाच त्यांचा संसार. पण त्यांनी एक वही ठेवली होती. पहिला पाऊस कोणत्या तिथीस पडला, कारंज्याच्या बाजारात कापसाला काय भाव निघाला, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोण गेले, असल्या त्या नोंदी. कोणी इतिहाससंशोधक तिच्याकडे ढुंकूनही पाहता ना. आमच्या घरात मात्र तिला पोथीचा मान. मानोरा तालुक्यातले हे आमचे गाव पूर्वी अकोला जिल्ह्यात होते, १ जुलै १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आले. वही आपली त्याच माळ्यावर, त्याच पेटीत राहिली.

२०२१ च्या दिवाळीत माझ्या पुतण्याने तिची बावन्न पाने मोबाईलवर टिपून त्यांची एक फाईल केली. पुढच्या उन्हाळ्यात पेटीच्या तळाशी आणखी नऊ सुटी पाने सापडली, त्यांची दुसरी फाईल केली. तो पुण्यास संगणकाचे काम करतो. घरच्या माणसांसाठी त्याने एक लहानसे संकेतस्थळ उभारले आणि वंशावळीबरोबर या दोन्ही फायली तेथे ठेवल्या. त्याच पावसाळ्यात माळा गळला आणि वहीचा लगदा झाला. कोणाला फारसे वाईट वाटले नाही. ‘वर आहे ना सगळं,’ असे जो तो म्हणाला. वर म्हणजे कोठे, हे कोणी विचारले नाही.

२०२३ च्या धनत्रयोदशीस नव्वदीला टेकलेली माझी आत्या म्हणाली, “माह्या बाबाचं अक्षर पाहू दे रे एकडाव.” पुतण्याने फाईल उतरवून घेतली, उघडली. पाने बरोबर बावन्न, आणि बावन्नही कोरी. दुसरी उघडली. नऊ पाने, नऊही कोरी.

“काऊन रे, शाई उडाली का?” आत्याने विचारले.

पोरे हसली. मला हसू आले नाही. संगणकातले मला कळत नाही, पण जुन्या पोथ्या आणि त्यांतले पाठभेद यांत माझी बरीच वर्षे गेली आहेत; आणि नक्कल बिघडते ती उगीच बिघडत नाही, बिघडण्यालाही रीत असते, एवढे मला त्या पोथ्यांनी शिकवले आहे. म्हणून त्या सुट्टीत पुतण्या यंत्राशी झगडत असता मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. तेव्हा जे पाहिले आणि मागाहून जे वाचले, ते येथे सांगतो.

आमच्या गावाला कारंजे जवळचे. तेथील जैन मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकविणारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० नंतरच्या दशकात तेथल्या पोथ्यांवरून कित्येक अपभ्रंश ग्रंथ प्रथमच छापून बाहेर आणले. अशा पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाची एक विनवणी पुष्कळदा आढळते: जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा बोल मला लावू नये. वाचणाऱ्याला हा माणूस जबाबदारी झटकतो असे वाटते. पण संशोधकाला विचारा. तो म्हणेल, असाच लेखनिक मला मिळो! न कळलेले अक्षर जसेच्या तसे गिरवणारा बापडा परवडला. घात करतो तो विद्वान लेखनिक. त्याला एखादा जुना शब्द कळत नाही, तो ‘चुकला असेल’ म्हणून त्या जागी ओळखीचा शब्द घालतो, आणि मूळ कायमचे गाडले जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्या कामी लागली, आणि दोन पाठांत जो अवघड तो बहुधा जुना, हे तत्त्व तेथे पदोपदी उपयोगी पडले. कारण नक्कल करणारा अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना शुद्ध करावी लागली, तीही अशा हातांमुळेच. तीनशे वर्षांत तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच तिच्यात हात घातले होते.

आता यंत्राकडे वळू. पुतण्याने पहिली गोष्ट केली ती मला फार आवडली: त्याने फाईल वजन करून पाहिली. कोठारात ठेवलेल्या पहिल्या फाईलचे आकारमान एक, आणि उतरवून घेतलेली प्रत तिच्या जवळजवळ पावणेदोनपट!

“काका, तुटलेली फाईल लहान व्हायला पाहिजे,” तो म्हणाला. “ही फुगली कशी?”

मी म्हटले, “अरे, पोथी आखडली तर पान गळले समजावे. फुगली तर कोणी तरी मध्ये बसून भर घातली आहे.”

त्याने प्रतीचे पोट उघडून दाखविले. फाईल म्हणजे संगणकाच्या लेखी ० ते २५५ या आकड्यांची एक लांबच लांब माळ. त्यातल्या एकेका मण्याला बाइट म्हणतात. आमच्या फाईलच्या आरंभी ३७, ८०, ६८, ७० असे आकडे होते. पीडीएफ जातीच्या प्रत्येक फाईलची ही जन्मखूण. ती शाबूत होती. पण थोडे पुढे गेल्यावर २३९, १९१, १८९ हे तीन आकडे दिसू लागले, आणि मग तेच ते, हजारो वेळा. तीळ पेरावेत आणि सगळीकडे एकच तण उगवावे, तसे. पुतण्याने कपाळावर हात मारला. त्याला चोर सापडला होता. मला मात्र चोराचे कूळ जाणून घ्यावयाचे होते.

हे कूळ तारायंत्रापासूनचे आहे. १८८७ साली फिलाडेल्फियाचे लोकरीचे व्यापारी फ्रँक प्रिमरोझ यांनी आपल्या अडत्याला सांकेतिक भाषेत एक तार केली. त्यात ‘बे’ असा एक शब्द होता. संकेताप्रमाणे त्याचा अर्थ ‘मी खरेदी केली आहे’. वाटेत कोण्या तारमास्तराच्या हातून एक टिंब जास्त पडले. ‘ए’ या अक्षराची खूण टिंब-रेघ, ‘यू’ ची टिंब-टिंब-रेघ. ‘बे’ चा झाला ‘बाय’, म्हणजे इंग्रजीत ‘विकत घे’. अडत्याने इमानाने तीन लाख पौंड लोकर विकत घेतली! वीस हजार डॉलरांवर नुकसान झाले. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८९४ साली निकाल लागला तो असा की, तार उलट वाचून ताडून घेण्याचे जादा पैसे भरले नव्हते, सबब तारेचे दाम, १ डॉलर १५ सेंट, तेवढे परत मिळतील. आमच्या वऱ्हाडातल्या कापसाच्या अडत्यांना ही गोष्ट सांगून पाहावी; त्यांची झोप उडेल.

१९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे देण्याची एक सामाईक पद्धत ठरली. तिचे नाव आस्की. तिने ० ते १२७ एवढेच आकडे वापरले. इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांना तेवढे पुरले. पुढे संगणक एकमेकांना पत्रे पाठवू लागले. १९८२ साली त्या टपालाचे जे नियम ठरले, त्यांत हीच चौकट धरली गेली: वाहून न्यावयाचे ते इंग्रजी पत्र, दुसरे काय असणार? १२७ च्या पुढचा आकडा आला, तर टपालाने काय करावे याचा भरवसा नव्हता. चित्र, गाणे, आणि मराठी देखील, त्या चौकटीबाहेर होती.

लोकांनी यावर तोड काढली ती मोठ्या गमतीची. माल न्यायला कोणी तयार नसेल, तर मालाला पत्राचे सोंग द्यावयाचे! १९८० सालीच बर्कलीच्या मेरी ॲन हॉर्टन यांनी अशी एक युक्ती लिहिली होती. पुढे जून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी टपालाचे जे नवे नियम प्रसिद्ध केले, त्यांत ‘बेस-६४’ नावाचे सोंग कायम झाले. कोणत्याही दरवाजातून सुखरूप पार पडतील अशी चौसष्ट चिन्हे निवडावयाची: सव्वीस मोठी इंग्रजी अक्षरे, सव्वीस लहान, दहा अंक आणि दोन खुणा. मूळचे तीन आकडे घेऊन त्यांची चार चिन्हे करावयाची. सामान एक तृतीयांशाने वाढते, पण पोहोचते तेव्हा जसेच्या तसे पोहोचते. आज आपण टपालातून लग्नपत्रिका जोडून पाठवतो ती बहुधा याच वेषात प्रवास करते, आणि कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

त्याच काळातली आणखी एक हुशारी सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९६ साली मान्यता मिळालेल्या पीएनजी नावाच्या चित्रांच्या जातीत पहिले आठ आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. पहिला १३७, म्हणजे १२७ च्या पलीकडला. वाटेत कोणी सातच अंशांचे टपाल भेटले, तर पहिल्याच आकड्यावर ते उघडे पडते. पुढे ओळ संपल्याच्या खुणा दोन निरनिराळ्या रीतींनी घातल्या आहेत, कारण ओळींची शेवटे ‘नीट’ करून देणे ही यंत्रांची आणखी एक खोड. आपल्याकडे मोडी पत्राच्या शेवटी मोर्तब करीत, ते याच जातीचे. मोर्तबानंतर ओळ दिसली की समजावे, मागाहून घुसडली आहे. आणि कागदाला कागद जोडून लांब पत्र केले, तर जोडावर मागून शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा बदलता येत नसे. २०१८ पासून आपल्याला जो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, त्याच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. आतला एक आकडा हलला तरी ती स्वाक्षरी जुळत नाही.

पण आमच्या आजोबांच्या वहीला जे बाधले ते आस्की नव्हे, तिची थोर लेक. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी टेबलावरच्या कागदी चटईवर एक नवी लेखनपद्धती आखली. तिचे नाव यूटीएफ-८. मराठी माणसाने तिला दुवा द्यावा अशीच ती आहे. जगातल्या सगळ्या लिप्या तिच्यात मावतात. इंग्रजी अक्षराला एक आकडा, देवनागरी चिन्हाला तीन. ‘इंझोरी’ लिहावयाचे तर इ, अनुस्वार, झ, ओकार, र आणि ईकार मिळून सहा चिन्हे, म्हणजे अठरा आकडे. मात्र या आकड्यांना कडक व्याकरण आहे. कोणत्या आकड्यामागून कोणता यावा हे ठरलेले. व्याकरण मोडणारा आकडा आला, की वाचणारे यंत्र सहसा तो टाकून त्याच्या जागी ‘येथे काही तरी होते, मला वाचता आले नाही’ अशी एक खूण ठेवते: काळ्या शंकरपाळ्यात पांढरे प्रश्नचिन्ह. त्या खुणेचे आकडे २३९, १९१, १८९.

म्हणजे आत्याच्या बाबांच्या अक्षरांचे छायाचित्र वाटेत कोणी तरी निबंध समजून वाचावयास घेतले होते! छायाचित्राला कसले व्याकरण? त्यातले १२७ च्या वरचे बहुतेक सगळे आकडे त्याने चुकीचे ठरवले आणि एकेकाच्या जागी तीन-तीन आकड्यांचे ते शंकरपाळे ठेवले. फाईल फुगली ती यामुळे. आणि पाने मोजून बावन्न का आली? पीडीएफचा सांगाडा, म्हणजे पाने किती, कोणते कोठे, हा साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असतो. सांगाडा दरवाजातून पार पडला, मांस अडले. फाईल उघडलीच नसती, तर आम्ही आधी सावध झालो असतो. ती नीट उघडली आणि कोरी निघाली, हीच तिची लबाडी.

हा मधला माणूस कोण, ते सांगतो. पुतण्याचे संकेतस्थळ ज्याला ‘सर्व्हरलेस’ म्हणतात त्या थाटाचे होते. नाव फसवे आहे. सर्व्हर नसतो असे नाही. तो आपला नसतो. पूर्वी लग्नाकार्यात स्वयंपाकी आठ दिवस घरी ठेवीत, आता पंगतीपुरता बोलावतात, त्यातला प्रकार. कोणी फाईल मागितली की कोठल्याशा यंत्रावर आपले काम तेवढ्या क्षणापुरते जागे होते, फाईल देते आणि विझते. पैसे तेवढ्याच क्षणाचे. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये लॅम्डा नावाने ही सोय जाहीर केली, तेव्हापासून ती रूढ झाली. या क्षणभंगुर कामकऱ्याच्या आणि आपल्या मध्ये एक दरवाजा असतो, आणि त्यांचे आपसांतले बोलणे चालते ते मजकुराच्या भाषेत. अ‍ॅमेझॉनच्या दरवाजाची सोय जुलै २०१५ मध्ये आली; मजकुराखेरीज दुसरा माल त्यातून नेण्याची व्यवस्था नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. १९८२ च्या टपालाने धरलेली समजूत, की येते ते पत्रच असणार, तेहतीस वर्षांनी नव्या कोऱ्या दरवाजात पुन्हा येऊन उभी राहिली होती. पुतण्याने कोणत्या कंपनीची जागा घेतली होती ते सांगण्याचे कारण नाही. दोष तिचा नव्हता. माल पाठवताना माल म्हणून सांगावे लागते, ते त्याने सांगितले नव्हते.

“पण तू तपासले होतेस ना?” मी विचारले.

“तपासलं होतं, काका. वंशावळ उतरवून पाहिली होती.”

वंशावळ म्हणजे मराठी मजकूर. तो व्याकरणशुद्ध, अठराच्या अठरा आकडे सलाम करून पार पडले असणार.

उपाय दोन पायऱ्यांचा निघाला. फाईल दरवाजाकडे देण्यापूर्वी तिला बेस-६४ चे सोंग द्यावयाचे, ही पहिली. ती केल्यावर पुन्हा फाईल उतरवली, तर ती मुळीच उघडेना. वजन केले: मूळच्याहून बरोबर एक तृतीयांश जास्त. आत पाहिले तर शंकरपाळी नाहीत. सुरुवातीस ‘जेव्हीबीईआर’ अशी इंग्रजी अक्षरे आणि पुढे तसलीच अक्षरे सलग. एक तृतीयांश म्हटल्याबरोबर मलाही कळले: पाहुणा पोहोचला होता, पण वेष उतरवायचा राहिला होता. सोंग दिले आहे ही चिठ्ठी कामकऱ्याने सोबत जोडावी लागते, आणि कोणत्या जातीचा माल आला असता सोंग उतरवावे याची यादी दरवाजावर टांगावी लागते. चिठ्ठी जोडली, यादी टांगली. ही दुसरी पायरी. नव्याने ज्याला हे काम पडेल त्याने आधी वजन करावे. पावणेदोनपट किंवा त्याच्या आसपास भरले तर मजकूर समजून वाचले गेले. सवापटीहून थोडे अधिक भरले तर सोंग उतरले नाही. मोठ्या फायलींसाठी पुतण्याने पुढे निराळीच व्यवस्था केली. कोठाराचीच काही मिनिटांपुरती चालणारी किल्ली मागणाऱ्याच्या हाती द्यावयाची, म्हणजे दरवाजाशी गाठच नको. हे त्याने पहिल्यापासून करावयास हवे होते, असे माझे मत आहे. त्याचेही आहे.

नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या गडबडीत, पहिली फाईल उघडली. बावन्न पाने, आणि प्रत्येकावर आजोबांचे ते उजवीकडे कललेले मोडी. आत्याला बोलावले. तिला मोडी येत नाही. तिने नुसते बोट फिरवले.

मग दुसरी उघडली. नऊ पाने, कोरी.

पुतण्याने एकदा पाहिले, दोनदा पाहिले, मग कोठारातली मूळ फाईलच उघडून पाहिली. तिच्यातही २३९, १९१, १८९. पहिली फाईल त्याने २०२१ मध्ये पुण्याहून थेट कोठारात ठेवली होती. दुसरी मात्र इंझोरीस बसून, संकेतस्थळाच्या पानावरून, त्याच दरवाजाने आत नेली होती. येताना नव्हे, जातानाच ती वाचली गेली होती. उतरताना बिघडले तर मूळ असते, पुन्हा उतरवता येते. चढताना बिघडले तर मूळ म्हणून तेच राहते. १२८ निरनिराळ्या आकड्यांच्या जागी एकच खूण बसली, की कोणती खूण मुळात कोणता आकडा होती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एकनाथांपुढे निदान अनेक प्रती असतील. आमच्यापुढे एकच, तीही विद्वान लेखनिकाच्या हातची. ज्या मोबाईलवर चित्रे टिपली तो त्याने केव्हाच बदलला होता, आणि वही माळ्यावर विरघळली होती.

पुतण्या दिवसभर कोणाशी बोलला नाही. फराळाच्या ताटावरही नाही. संध्याकाळी आत्यानेच त्याला हाक मारली. “त्या सुट्या पानांतलं मले ठाऊक हाये,” ती म्हणाली. “बाबा वाचून दाखवत. माह्या लग्नाचा खर्च होता त्याच्यात. अन् मोठ्या पुराचं.” पुतण्या संगणक घेऊन तिच्या पायाशी बसला. ती सांगे, तो लिही. मध्येच ती थांबे, म्हणे, “नाही, हे माह्या मनातलं, बाबानं लिहिलेलं नोहे,” आणि तो ते निराळ्या ओळीत घेई.

रात्री दहापर्यंत चार पाने झाली. वरच्या बाजूस त्याने काय लिहावे, म्हणून मला विचारले. मी सांगितले तसे त्याने लिहिले: आत्याच्या तोंडून, इंझोरी, आश्विन वद्य चतुर्दशी, शके १९४५, मूळ पाने नष्ट. मग ती फाईल त्याने तीन ठिकाणी ठेवली, तिन्ही ठिकाणांहून उतरवून घेतली, आणि प्रत्येकीचे वजन करून पाहिले.